जुन्या वस्तऱ्याच्या शोधात: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुने वस्तरे शोधतो, दुरुस्त करतो आणि त्यांनीच दाढी करतो. माझे घर नौपाड्यात आहे. ओळखीतून आणि ओळखीच्या ओळखीतून लोक फोटो पाठवतात: "हा घेऊ का?", "हा किती जुना?", "धार कोण लावून देईल?" प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जुना वस्तरा म्हणजे सलूनमध्ये वापरतात तोच ना?

नाही. आज सलूनमध्ये दिसतो त्यात अर्धे ब्लेड घालतात आणि दर गिऱ्हाइकाला ते बदलतात. आपण बोलतो आहोत तो अखंड पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा वस्तरा. त्यात बदलायचे काही नसते. त्याच पात्याला पुन्हा पुन्हा धार लावायची. एड्सची जाणीव वाढली, सलूनमध्ये ब्लेड बदलायची पद्धत रुळली आणि हे वस्तरे धोकटीच्या, म्हणजे नाभिकाच्या हत्यारांच्या पिशवीच्या, तळाशी गेले.

पुढे काही शब्द वारंवार येतील. धारेच्या समोरची जाड कड म्हणजे पाठ. धारेचे मुठीकडचे टोक म्हणजे टाच. बोट टेकवायला मागे वळलेली निमुळती पट्टी म्हणजे शेपूट. पाते आणि शेपूट यांच्यामधला, शिक्का मारलेला भाग म्हणजे मान.

२. ठाण्यात शोधायचा कुठे? नवी मुंबईत काही मिळते का?

मिळते, पण पाटी लावलेल्या अँटिक दुकानात क्वचितच. ठाण्यात मला चांगल्या वस्तू तीन वाटांनी मिळाल्या.

पहिली वाट मोडीची. जांभळी नाक्याच्या आसपास जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घेणारे आहेत. घर रिकामे होताना भांड्यांच्या गोणीतून सुऱ्या, अडकित्ते, कात्र्या येतात आणि त्यांत कधी एखादा वस्तरा असतो. मोडवाल्याला पितळेत रस असतो, पोलादात नसतो. म्हणून तो एका डब्यात पडून राहतो. त्या डब्याबद्दल विचारा.

दुसरी वाट पुनर्विकासाची. नौपाडा, चरई, खारकर आळी इथल्या जुन्या इमारती पाडायला निघतात तेव्हा माळे उपसले जातात. ज्यांच्याकडे रद्दी आणि भंगार जाते त्यांना आधीपासून सांगून ठेवावे लागते. मी एका भंगारवाल्याकडे वस्तऱ्याचा फोटो देऊन ठेवला आहे, कारण नुसते "वस्तरा" म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे ब्लेडवालाच येतो.

तिसरी वाट, आणि माझ्या मते सर्वात मोलाची, जुन्या नाभिक कुटुंबांची. ज्या सलूनमध्ये तिसरी पिढी उभी आहे तिथे आजोबांची धोकटी बहुधा जपलेली असते. तिथे खरेदीदार म्हणून जाऊ नका. दाढी करून घ्या, बसा, आणि "काका, तुमच्या वडिलांचा वस्तरा नुसता बघायला मिळेल का?" असे विचारा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा वर्षभर कापडात गुंडाळलेला वस्तराही पाटावर येतो. त्या दिवशी बघायला जरूर जा, पण भाव विचारू नका. पुजेला मांडलेल्या वस्तूची किंमत विचारणे घरच्यांना लागते. या लोकांना जे माहीत असते ते दुकानात मिळत नाही. एका काकांनी मला निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाते धरायचा कोन दहा मिनिटांत दाखवला. त्याआधी मी तोच महिनाभर चुकीचा धरत होतो.

नवी मुंबईचे गणित वेगळे आहे. सिडकोची स्थापना १९७० ची, त्यामुळे वाशी-नेरुळच्या सेक्टरांमधल्या घरांना जुने माळेच नाहीत. जुने सापडते ते मूळ गावठाणांत आणि त्याहून अधिक पनवेल, उरण या जुन्या बाजारगावांत. पनवेलच्या जुन्या पेठेत एक सकाळ घालवा.

३. चोर बाजारात जायचे तर कधी आणि कसे?

ठाण्याहून धिम्या लोकलने सँडहर्स्ट रोड किंवा मस्जिद. वाशी-बेलापूरकरांना हार्बरनेही हीच स्थानके लागतात. तिथून चालत मटण स्ट्रीट. तिथली बहुतेक दुकाने शुक्रवारी बंद असतात, मात्र शुक्रवारी पहाटेच रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. दुकानांसाठी शनिवार सकाळ आणि रस्त्यावरच्या ढिगासाठी शुक्रवारची पहाट, असे माझे ठरलेले आहे. भेंडीबाजार परिसराचा पुनर्विकास सुरू असल्याने दुकाने हलत असतात. मागच्या वेळची जागा सापडली नाही तर शेजारी विचारा.

तिथे शब्द "उस्तरा". "वस्तरा" म्हटले तर समोरचा दोनदा विचारतो.

रविवार मोकळा असेल आणि लांब जायची तयारी असेल तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.

४. दुकानदाराशी बोलायचे कसे? घासाघीस किती करायची?

वस्तरा थेट मागू नका. आधी कात्री, अडकित्ता, चाकू बघा, मग डब्यातला वस्तरा उचला. हे नाटक वाटेल, पण ढीग शांतपणे चाळायला वेळ मिळतो हा त्याचा खरा फायदा. दोष दिसला तर आवाज न चढवता दाखवा: "चाचा, हे बघा, इथे तडा आहे." खरा दोष दाखवून मागितलेली सूट मिळते. खोटा दोष काढला तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी कोणी काही बाजूला काढून ठेवत नाही.

शिक्का ओळखीचा नसेल, पाते मात्र निर्दोष असेल, तर मी ५०० रुपयांपर्यंत फार विचार करत नाही. त्यावर जायचे असेल तर प्रश्न ५ मधली सगळी तपासणी झाल्याशिवाय खिशात हात घालत नाही.

५. वस्तरा हातात आला. सगळ्यात आधी काय बघू?

आधी दुकानाबाहेर उजेडात या. पिवळ्या दिव्याखाली तडा दिसत नाही. अंगठा धारेवरून ओढून धार बघायची सवय असेल तर ती सोडा. बोट कापते आणि धारेबद्दल काहीच कळत नाही.

धार डोळ्यांसमोर आडवी धरा आणि मागून आकाशाचा उजेड येऊ द्या. खाचे लगेच दिसतात. केसाच्या जाडीचे खाचे निसण्यावर निघून जातात. नखाचा कोपरा बसेल एवढा खाचा असेल तर तेवढे पाते घासून कमी करावे लागणार. टोकाजवळचा खाचा परवडतो, मधला नाही.

मग तडा. वस्तरा नाकारण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे. तडा धारेपासून पाठीकडे चढतो, केसासारखा बारीक असतो आणि गंजाच्या रेघेसारखा दिसतो. नखाचे टोक पात्याच्या बाजूवरून, धारेला समांतर, हलके फिरवा. रेघ नखाला अडली तर संशय धरा. पातळ घडणीचे पाते नखाने टिचकी मारल्यावर किणकिणते आणि तडा असेल तर आवाज बोदा येतो. जाड पाते मुळातच कमी वाजते, म्हणून एकट्या आवाजावर निर्णय घेऊ नका. तडा गेलेला वस्तरा कितीही नामांकित असला तरी दाढीसाठी संपलेला असतो. तडा घासून जात नाही आणि गालावर तुकडा सुटू शकतो.

आता धारेची रेषा. किंचित बाहेर फुगलेली धार चांगली. जुने कितीतरी वस्तरे तसेच घडवलेले असतात. विळ्यासारखी आत वळलेली धार मात्र चुकीच्या निसण्याने झालेली असते. ती सरळ करायची तर दोन्ही बाजूंचे पोलाद खाली आणावे लागते.

यानंतर पाठ, जिच्याकडे नवखे लोक बघतच नाहीत. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. दर वेळी पाठही थोडी झिजते आणि तिच्यावर एक सपाट चकचकीत पट्टी तयार होते. ही पट्टी दोन्ही बाजूंना सारखी आणि अरुंद असेल तर वस्तरा जाणत्याच्या हातात होता. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद, किंवा टाचेकडे रुंद होत गेलेली असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षे दाबून घासले आहे. असे पाते सरळ करणे नवख्याचे काम नव्हे.

शेवटी वस्तरा हळू मिटा. पाते मुठीच्या बरोबर मध्ये उतरले पाहिजे. धार मुठीच्या आतल्या बाजूला टेकत असेल तर प्रत्येक वेळी मिटताना ती खराब होणार. रिव्हेट ढिले असेल तर हरकत नाही, ते हलक्या हातोडीने बसते. वाकडी झालेली मूठ हे जास्त मोठे काम आहे.

६. गंज आहे. घेऊ की सोडू?

गंज कुठे आहे त्यावर ठरते. पाठीवर, मानेवर, शेपटीवर लाल-तपकिरी थर असेल तर काळजी नको. काळसर डाग तर राहू द्यावेत. त्यांनी धारेचे काही बिघडत नाही. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत खड्डे पडले असतील तर सोडा. निसताना धार त्या खड्ड्यांपर्यंत पोहोचते आणि तिथेच तुटते.

सेल्युलॉइडच्या (एका जुन्या प्लास्टिकच्या) मुठीत बुडालेल्या भागावरच गंज असेल आणि बाकी पाते स्वच्छ असेल, तर कारण वेगळे असते. ते प्रश्न १० मध्ये आहे.

७. अगदी आरशासारखा चकचकीत वस्तरा मिळाला. मग तर उत्तमच ना?

इथेच सर्वाधिक लोक फसतात. मीही फसलो आहे. एका दुकानात इंग्लंडमधल्या शेफील्डचा लखलखीत वस्तरा मिळाला, मागितली ती किंमत दिली आणि घरी येऊन दोन संध्याकाळी तो दगडावर फिरवला. एका गालाची दाढी होईपर्यंत धार टिकली, दुसऱ्या गालावर ओढू लागला. भिंगातून पाहिले तर टाचेजवळ फिकट निळी छटा होती.

त्याचे कारण असे. वस्तऱ्याचे पोलाद तापवून, विझवून कडक करतात आणि मग हलक्या उष्णतेवर त्याचा ठिसूळपणा कमी करतात. पुढे कोणी विजेच्या चाकावर ते पाते पॉलिश केले की पातळ धार क्षणात तापते. साधारण ३०० अंश सेल्सियसला पोलाद निळे पडते. तिथवर गेलेली धार मऊ होते आणि कितीही निसली तरी टिकत नाही. निळा रंग पॉलिशने पुसता येतो, गेलेला कडकपणा परत येत नाही.

ओळखायचे कसे? मानेवरचा शिक्का बघा. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या गोल झाल्या असतील, पाठीच्या कडाही गोलावल्या असतील, तर पाते चाकावर गेलेले आहे. मळका, न पुसलेला, खणखणीत शिक्क्याचा वस्तरा मी केव्हाही आधी उचलतो.

८. शिक्क्यावरून वस्तरा किती जुना आहे ते कळते का?

अंदाज येतो. नेमके वर्ष क्वचित कळते.

देशाचे नाव हा पहिला धागा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले आणि ते १८९१ पासून लागू झाले. त्यामुळे "इंग्लंड" किंवा "जर्मनी" असे छापलेले असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. नुसते "शेफील्ड" असेल तर तो आधीचा असू शकतो, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. प्रत्येक माल अमेरिकेला जाण्यासाठी बनत नव्हता.

दुसरा धागा राजमुकुट आणि अक्षरे. मुकुटाच्या दोन बाजूंना "व्ही" आणि "आर" म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. "डब्ल्यू" आणि "आर" म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली. "डब्ल्यू आर" चा वस्तरा हाताला लागला तर तो त्या गाडीच्याही आधीचा.

तिसरा धागा पोलादाचे नाव. "कास्ट स्टील" वाचून लोक बीड (ओतीव लोखंड) समजतात. बीड नव्हे. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजीव पोलाद ओतायची पद्धत बसवली, त्या पोलादाचे हे नाव. "सिल्व्हर स्टील" मध्ये चांदी शोधू नका. लंडनचे हत्यार-कारागीर जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या आसपास पोलादात वेगवेगळे धातू मिसळून प्रयोग केले, त्यात चांदीचे अगदी अल्प प्रमाण होते. पुढे ते नाव विक्रीसाठी सर्रास छापले गेले. या प्रयोगांच्या मुळाशी आपले, दक्षिण भारतातले वुट्झ पोलाद होते. त्याचे नमुने १७९४ च्या सुमारास मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले होते. जुना शेफील्डचा वस्तरा हातात घेतो तेव्हा मला ही गोष्ट आठवते आणि तो परका वाटेनासा होतो.

नावांबद्दल थोडेसे. शेफील्डचे जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर आणि जॉर्ज वोस्टेनहोम, जर्मनीच्या झोलिंगेनचे हेंकेल्स (जुळ्या आकृत्यांचा शिक्का, १७३१ चा), बोकर आणि डोव्हो, स्वीडनच्या एस्किल्स्टुनाचे हेल्येस्ट्रँड, फ्रान्सच्या थिएरचे थिएर-इसार. रॉजर्सच्या नावाची नक्कल फार झाली, म्हणून इंग्रजी नावात "डी" (Rodgers) आहे का ते बघा. "झोलिंगेन" हे नाव १९३८ पासून जर्मनीत कायद्याने राखलेले आहे. पण आपल्या बाजारात कोणीही ते ठोकू शकतो. अक्षरे वेडीवाकडी, खोली कमीजास्त, आणि पाते हलके असेल तर परत ठेवा. शिक्का शेवटी वाचायचा, पाते आधी.

९. वस्तऱ्यावर "बेंगॉल" लिहिले आहे. म्हणजे बंगालमध्ये बनला का?

नाही. हा शेफील्डच्या कॅडमन कारखान्याचा छाप आहे. चांगले, वापराचे वस्तरे असतात. पाते प्रश्न ५ मधून पार पडले तर जरूर घ्या.

१०. मूठ कशाची आहे हे घरी कसे ओळखू? तापलेली सुई लावून बघू का?

सुई अजिबात लावू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ मुठी सेल्युलॉइडच्या आहेत आणि सेल्युलॉइड भडकन पेटते.

उजेडासमोर धरा. शिंगात तंतूंसारखे थर दिसतात, कडेला उजेड थोडा आरपार येतो, आणि जुन्या शिंगाला किड्यांनी खाल्लेले बारीक खळगे असतात. हाडात बारीक काळे ठिपके किंवा रेघा असतात. सेल्युलॉइड एकसारखे असते. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर बऱ्याचदा कापराचा वास येतो, कारण ते बनवताना कापूर लागतो.

जुने सेल्युलॉइड कुजते. त्यातून आम्ल वाफा निघतात आणि मुठीत मिटलेले पाते आतून खातात. प्रश्न ६ मधला तो चमत्कारिक गंज यामुळे येतो. मूठ चिकट, भेगाळलेली किंवा आंबट वासाची असेल तर ती लगेच काढून टाका आणि तोवर तो वस्तरा दुसऱ्या वस्तऱ्यांसोबत एका डब्यात ठेवू नका. एका कुजक्या मुठीने डब्यातली सगळी पाती गंजतात.

११. दुकानदार म्हणतो मूठ हस्तिदंताची आहे, म्हणून महाग. घ्यावा का?

घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वस्तू शंभर वर्षांची असली तरीही. कासवाच्या पाठीच्या, ठिपक्याठिपक्यांच्या मुठींनाही हेच लागू. पुष्कळदा ती मूठ हाडाची किंवा सेल्युलॉइडची असते आणि "हस्तिदंत" हा शब्द फक्त भाव वाढवायला येतो. कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसली तर मात्र ते खरे असू शकते. मग वस्तरा खाली ठेवून निघून या.

१२. ५/८, ६/८ हे काय असते? पहिला वस्तरा कोणता घेऊ?

पात्याची पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी, इंचाच्या आठव्या भागांत. ५/८ म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. पहिल्यांदा ५/८ किंवा ६/८ घ्या. टोक गोल असलेला बघा, टोकदार असेल तर कानाजवळ हमखास कापते. घडण मध्यम पोकळ, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू थोड्या आत खोलगट, असावी. अगदी पाचरीसारखे जाड पाते देखणे असते, पण त्याला धार लावताना खूप पोलाद घासावे लागते. शंभर वर्षे झिजून ६/८ चा ५/८ झालेला असू शकतो, म्हणून रुंदीसोबत प्रश्न ५ मधली पाठही बघा.

१३. घरी आणल्यावर साफ कसा करू?

हळू. आधी फोटो काढा. पात्यावर शिलाई मशीनचे तेल लावून एक रात्र ठेवा. सकाळी मऊ कापडाने पुसा, उरलेल्या गंजावर धातूच्या पॉलिशने बोटाच्या टोकाने, पाठीकडून धारेकडे घासा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी गंज निघतो, पण पोलाद राखाडी पडते आणि मुठीच्या फटीत आम्ल राहून जाते. मानेवरच्या सोनेरी नक्षीला काहीच लावू नका, ती पॉलिशने क्षणात जाते.

१४. कोणाकोणाच्या चेहऱ्यावर फिरलेला असेल. रोग होणार नाही ना?

भीती रास्त आहे. एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जगतो. वर्षानुवर्षे डब्यात पडलेल्या वस्तऱ्यापासून हा धोका उरत नाही, पण कालपर्यंत कोणी वापरला होता हे बाजारात कळत नाही. म्हणून पाते साबण-पाण्याने धुऊन, कोरडे करून ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने नीट पुसा आणि मुठीच्या आतला मळ काडीने काढा. अल्कोहोल सेल्युलॉइडच्या मुठीला लागू देऊ नका. ब्लीचने पोलाद गंजते, उकळल्याने मूठ वाकते. नंतर निसताना जुनी धार घासून जातेच.

एकदा तुमचा झाला की तो तुमचाच. घरातही दुसऱ्याला देऊ नका. धनुर्वाताचे इंजेक्शन लांबले असेल तर घेऊन टाका.

१५. धार कोण लावून देईल? सायकलवरचा धारवाला चालेल का?

चालणार नाही. त्याचे चाक विळी आणि कात्रीसाठी आहे. वस्तरा त्याच्या चाकावर गेला तर प्रश्न ७ मधले सगळे एका मिनिटात घडते.

जुने नाभिक काका हे पहिले उत्तर. ज्यांनी अखंड पात्यावर काम केले आहे त्यांच्याकडे निसणा आणि चामाटी (धार परजायचा चामड्याचा पट्टा) अजून असते. मेहनताना आधी विचारा आणि तो सांगितल्याहून थोडा जास्तच द्या.

स्वतः शिकायचे असेल तर १०००, ४०००, ८००० आणि १२००० क्रमांकाचे दगड लागतात. १००० वर दोन्ही बाजूंच्या उतरणी धारेवर नेमक्या भेटल्या पाहिजेत. ते झाले नसेल तर पुढचे दगड फक्त चमक देतात. जास्त काम असेल तर पाठीला विजेच्या कामाची टेप लावा, म्हणजे पाठ झिजत नाही. पाते दगडावर धार पुढे ठेवून जाते आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. हे उलटे झाले तर पट्टा कापतो. दाढीआधी पट्ट्यावर ५०-६० फेऱ्या, पट्टा ताणलेला, हात हलका. गालावर पाते साधारण ३० अंशांत, त्वचा ताणून, केसांच्या दिशेने. पहिला आठवडा फक्त गाल करा, हनुवटी नंतर.

जुन्या बाजारात वस्तऱ्यांइतकेच जुन्या दगडांवर लक्ष ठेवा. बेल्जियमचा पिवळसर कोटिक्यूल लोक साधी फरशी समजून ठेवून देतात.

१६. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजू नये म्हणून काय करू?

खाडीकाठची हवा आणि चार महिने ओल, म्हणून इथे जास्त जपावे लागते. वापरल्यावर पाते पुसा, मुठीतून टिश्यू ओढून आतले पाणी काढा, दहा मिनिटे उघडा वाळू द्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. बाथरूममध्ये ठेवू नका. चामड्याच्या म्यानातही नको, चामडे ओल धरते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.

१७. लोकलमधून किंवा विमानातून नेता येतो का? लायसन्स लागते का?

लायसन्स लागत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा विचार आहे, तोही घरगुती वापराच्या वस्तू वगळून. वस्तऱ्याचे पाते साधारण ३ इंच. मात्र ठाणे आणि नवी मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून लागू असतात, म्हणून खिशात सुटा ठेवू नका. कापडात गुंडाळून, डब्यात, बिलासह थेट घरी न्या. विमानात केबिनमध्ये चालत नाही, चेक-इन सामानात टाका.

१८. अमेरिकेतल्या भावाला पाठवायचा आहे. पाठवू का?

शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचा वस्तरा त्यात मोडतो का, हे स्वतः ठरवू नका. पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो, तो आधी घ्या. मूठ प्रश्न ११ मधली असेल तर पाठवण्याचा विचारच सोडा.

१९. पाठीवर इंग्रजीत "मंगळवार" कोरले आहे. का?

सात वस्तऱ्यांच्या संचातला तो एक आहे, वारागणिक एक. बाकीचे सहा त्याच ढिगात आहेत का ते आधी शोधा.

२०. पणजोबांची धोकटी घरच्याच माळ्यावर सापडली. आता काय करू?

काहीही पुसण्याआधी घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला दाखवा. कोणाची, कुठे वापरत, कोणाच्या दाढ्या केल्या, हे त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. निसणा, चामाटी, वाटी, नराणी (नखे काढायचे हत्यार), आरसा यांतले काहीही वेगळे काढून विकू नका. धोकटी एकत्र असण्यातच तिचे मोल आहे.

आपल्या भागात या हत्याराला एक इतिहासही आहे. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतल्या नाभिकांनी १८९० मध्ये विधवांच्या केशवपनाला नकार दिला आणि त्यासाठी संप केला. तुमचे पणजोबा त्या काळी मुंबई-ठाण्यात काम करत असतील तर घरात त्याची काही आठवण आहे का, तेही विचारा.

मग प्रश्न ५ आणि १० प्रमाणे तपासणी करा, कुजकी मूठ असेल तर तेवढा वस्तरा वेगळा ठेवा, आणि बाकी पात्यांना तेल लावून ती जुन्याच कापडात पण कोरड्या डब्यात ठेवा. एखादे पाते निर्दोष निघाले तर धार लावून घ्या आणि त्याने दाढी करा.